न वाचता कायम

मी आता नगरसेवक नाही, त्यामुळे खरं बोलायला हरकत नाही. तीन वेळा निवडून आलो, साडेचौदा वर्षं सभागृहात खुर्ची उबवली, आणि त्या सगळ्या काळात दर सभेच्या सुरुवातीला एक शब्द न चुकता मोठ्याने म्हणालो: "कायम." आमच्या गावात जी निवडणूक व्हायला हवी होती ती हे लिहीत असेपर्यंत झालेली नाही. ती का झाली नाही याची कारणं लोक मोठमोठी देतात. मला त्यातलं एक बारीकसं कारण नक्की ठाऊक आहे, कारण ते माझ्याच तोंडातून बाहेर पडलं. पण ते सांगायचं तर आधी कायमबाईंबद्दल सांगायला हवं.

कायमबाई हे काही त्यांचं खरं नाव नाही. त्या नगरपालिकेच्या सभा विभागात लेखनिक होत्या. सभेत कोण काय बोललं, कुठला ठराव आला, बाजूने किती, विरोधात किती, हे सगळं लिहून काढायचं; त्याला इतिवृत्त म्हणतात. पुढच्या सभेत पहिलं काम असतं ते मागच्या सभेचं इतिवृत्त सदस्यांनी तपासून मान्य करायचं, म्हणजे कायम करायचं. एकदा कायम झालं की तेच खरं. बाई उभ्या राहून विचारायच्या, "मागील सभेचे इतिवृत्त कायम करायचे का?" आणि आम्ही सत्तावीस जण चहाच्या ट्रेकडे बघत एका सुरात ओरडायचो, "कायम!" त्यावरून नाव पडलं. ठेवलं मीच. तेव्हा मला ते फार विनोदी वाटलं होतं.

त्यांची खोली सभागृहाच्या मागे, जिन्याखाली. एक लोखंडी कपाट, एक टेबल, पाठ नसलेलं स्टूल आणि जिन्यावरून कोणी गेलं की डोक्यावर पडणारा चुना. त्यामुळे त्या टेबलावर कायम एक जुनी चादर पसरून ठेवायच्या आणि लिहिताना तेवढी बाजूला करायच्या. अक्षर असं की छापील वाटावं. कामाची पद्धत त्यांनी स्वतःच घालून घेतलेली होती. सभेआधी एका कोऱ्या कागदावर सभागृहाचा नकाशा काढायचा, सत्तावीस चौकोन, प्रत्येकात वॉर्ड क्रमांक. मतदान झालं की हात बघून पेन्सिलीने खुणा: बाजूने असेल तर टिक, विरोधात असेल तर फुली, हात वरच केला नाही तर चौकोन रिकामा. डुलकी लागली असेल तर चौकोनात छोटंसं शून्य. माझ्या चौकोनात बरीच शून्यं होती असं पुढे कळलं.

आणि दर सभेआधी दोन तास त्या इतिवृत्ताची प्रत सभागृहाबाहेरच्या टेबलावर मांडायच्या. शेजारी पेन, दोरीने टेबलाच्या पायाला बांधलेलं. सदस्यांनी वाचावं, चूक दिसली तर समासात लिहावं. माझ्या साडेचौदा वर्षांत मी त्या पेनाने एकदाच लिहिलं, ते म्हणजे एका गिऱ्हाइकाचा फोन नंबर, तोही इतिवृत्ताच्याच समासात. माझं चष्म्याचं दुकान आहे. अख्ख्या गावाला वाचायला लावणारा माणूस मी, आणि माझ्यासमोर चार पानं ठेवली तर मला ती दिसायची नाहीत.

बाई दर वेळी विचारायच्या, "चष्मेवाले, वाचलंत का?"

मी म्हणायचो, "बाई, तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं कशाला?"

मला वाटायचं, मी त्यांचं कौतुक करतोय.

मग नवे अध्यक्ष आले. हे सांगायलाच हवं की माणूस कामाचा होता, निदान सुरुवातीला तसंच वाटलं. आल्या आल्या रस्त्यावरचे दिवे लागले, कचरा वेळेवर उचलला जाऊ लागला. लोक खूश. आम्हीही खूश. पहिल्याच वर्षी त्यांनी प्रश्नोत्तरांचा तास अर्ध्यावर आणला, वेळ वाचतो म्हणून. आम्हाला घरी लवकर जायला मिळालं. मग नागरिकांची गॅलरी दुरुस्तीसाठी बंद झाली. दुरुस्ती कुठली, तिथे एक बादलीसुद्धा कोणी नेली नाही. मग माइकचं बटण अध्यक्षांच्या टेबलावर गेलं. माझा माइक दोनदा मध्येच बंद झाला, तेव्हा मी समजलो वायर सैल असेल. एवढा मोठा झालो आणि वायर सैल असेल म्हणून गप्प बसलो! आज आठवलं की स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटते.

त्यानंतर त्यांनी नवीनच रीत सुरू केली. ठराव वाचायचा आणि श्वास न घेता म्हणायचं, "विरोध कुणाचा नाहीच, सर्वानुमते मंजूर." हात वर करायला वेळच नाही. बाई तेव्हा उठून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "अध्यक्षमहाराज, हात मोजायचे आहेत." सभागृहात हशा पिकायचा. मीही हसायचो. त्या मात्र बोटाने हवेत एकेक हात मोजत, पेन्सिलीने खुणा करत राहायच्या, आणि मोजून झाल्याशिवाय खाली बसायच्या नाहीत.

अशातच तो ठराव आला. वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखायच्या आहेत, ते काम पूर्ण होईपर्यंत निवडणूक पुढे ढकलावी आणि तोवर सगळे अधिकार अध्यक्षांकडे द्यावेत. काम कधी पूर्ण होणार, त्याला तारीख नाही. आमच्या नियमात एक कलम होतं: निवडणूक पुढे ढकलायला एकाही सदस्याने विरोध नोंदवला तर आधी जनसुनावणी घ्यावी लागते. गावातल्या कुणीही यावं, बोलावं, ते सगळं लिहून वर पाठवावं, मग वरचे लोक ठरवणार. विरोध नसेल तर सुनावणी नाही, ठराव तसाच लागू.

त्या दिवशी तीन हात विरोधात गेले. एक निवृत्त मुख्याध्यापिकांचा, ज्यांना सगळे हेडबाई म्हणत. एक बेकरीवाल्याचा. आणि एक माझा. मला पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसल्यासारखं वाटलं. बाईंनी तिघांकडे नीट बघून तीन फुल्या मारल्या. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "आता होऊ दे सुनावणी, बघतो." पुढे काय करायचं असतं हा विचार डोक्यात आलाच नाही. माझं काम झालं असं मी धरून चाललो.

बाईंचं काम तिथून सुरू झालं. अध्यक्षांचा सहायक त्यांच्या खोलीत गेला. हे सगळं मला नंतर त्यांच्या यजमानांकडून कळलं. सहायकाने चादरीची घडी घातली, टेबलाच्या कोपऱ्यावर बसला आणि गोड आवाजात म्हणाला, "बाई, पान चारवर थोडी चूक झालीय. सर्वानुमते लिहायचंय."

"तीन विरोधात होते."

"होते, पण मनापासून नव्हते हो. आणि तुमची मुलगी आपल्याच दवाखान्यात नर्स आहे ना? तिचा करार संपत आला असेल."

बाईंनी त्याला टेबलावरून उठायला सांगितलं, चुना लागेल म्हणून. इतिवृत्त बदललं नाही. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांच्या हातात बदलीचा कागद पडला: पाणी विभाग, जुनी कागदपत्रं. इतिवृत्ताची वही आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली.

त्याच संध्याकाळी त्या माझ्या दुकानात आल्या. म्हणाल्या, चष्म्याची नाकावरची गादी निघालीय. गादी धडधाकट होती. पण समोर आरशात तोंड बघत अध्यक्षांचा मेहुणा नवीन फ्रेम घालून बसला होता. बाई त्याच्याकडे बघून थांबल्या. मग मला म्हणाल्या, "चष्मेवाले, उद्या सभेआधी वाचाल का? पान चार. एवढं एकदा वाचा."

"वाचतो की, बाई."

"लिहून ठेवा."

मी डॉक्टरच्या चिठ्ठीच्या पाठीवर 'पान ४' लिहिलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं, तेव्हाच गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी दुसरा शर्ट घातला.

याच्यापुढे खरं तर सांगण्यासारखं काही उरत नाही. दहा मिनिटं उशिरा पोचलो. बाहेरच्या टेबलावर प्रत होती, पेन होतं, दोरी होती. मी त्यावर पिशवी टेकवून घाम पुसला आणि आत गेलो. बाईंच्या जागी एक तरुण मुलगी उभी होती. तिने विचारलं, "मागील सभेचे इतिवृत्त कायम करायचे का?" मी अजून खुर्चीत बसलोही नव्हतो. तोंडातून आपोआप निघालं, "कायम!" हेडबाई म्हणाल्या, "कायम." बेकरीवाला म्हणाला, "कायम, कायम," कारण त्याला नेहमीच दोनदा म्हणायची सवय होती.

आठ दिवसांनी नगरपालिकेच्या फळ्यावर नोटीस लागली. निवडणूक पुढे ढकलण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर, सबब जनसुनावणीची आवश्यकता नाही. मी तरातरा आत गेलो आणि इतिवृत्त मागवलं. पान चारवर माझा हात नव्हता. कुणाचाच नव्हता. आणि शेवटी लिहिलं होतं की हे इतिवृत्त हजर असलेल्या सर्व सदस्यांनी कायम केलं. त्यात माझं नाव होतं, व्यवस्थित, वॉर्ड क्रमांकासकट.

मी तसाच पाणी विभागाच्या तळघरात गेलो. बाई जुन्या पाइपांच्या नकाशांवर बुरशी पुसत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "पान चार?"

आणि मी काय केलं असेल? मी त्यांच्यावरच भडकलो. "तुम्ही स्पष्ट का नाही सांगितलंत? बदललंय असं सांगायला काय झालं होतं?"

बाईंना चिडलेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. हातातलं फडकं त्यांनी नकाशावर आपटलं. "आणखी किती स्पष्ट? एकतीस वर्षं टेबलावर मांडत होते ना मी! पेन बांधून ठेवलं, वाळलं की झटकून चालू करून ठेवलं. दर वेळी विचारलं, वाचलंत का. तुम्ही मला नाव ठेवलंत आणि हसलात. मी काय तुमच्या डोळ्यांत तेल घालून वाचून दाखवायचं होतं? सत्तावीस माणसं, चष्मेवाले. सत्तावीस शिकलेली माणसं, आणि चार पानं!"

मग फडकं उचलून त्याच म्हणाल्या, "घरी या. नकाशे माझ्याकडे आहेत."

त्यांच्या घरी माळ्यावर बुटांचे अकरा खोके निघाले. एकतीस वर्षांतल्या प्रत्येक सभेचा पेन्सिलीचा नकाशा, तारीखवार. यजमान निवृत्त बसड्रायव्हर. शिडी धरून उभे होते. मला म्हणाले, "मी पस्तीस वर्षं बस चालवली. मागे सगळे गाढ झोपले की मला बरं वाटायचं, म्हटलं विश्वास आहे लोकांचा. हिचं उलट. हिला बिचारीला सगळे जागे हवे होते."

मुलगी दारात हाताची घडी घालून उभी होती. पहिल्या दिवशी तिने खोके खाली काढू दिले नाहीत. "आई, तू बदली मुकाट्याने घेतलीस ना? मग आता पुरे. माझा करार आहे." तिचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. चार दिवसांनी तिचा करार संपला आणि कुणी नवा दिला नाही. बाईंनी तोवर कुठे तक्रारही केलेली नव्हती. पाचव्या दिवशी मुलीने स्वतः शिडी लावली आणि त्या सभेचा खोका खाली आणून माझ्या हातात दिला.

इतिवृत्त कायम झाल्यापासून तीस दिवसांत वरच्या फेरतपासणी कार्यालयात अर्ज करता येतो. पंधराव्या दिवशी बाई आणि मी तिथे गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने नकाशा उजेडात धरला, मन लावून पाहिला, तीन फुल्यांवर बोट फिरवलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "हा खरा आहे हे मला दिसतंय. पण पेन्सिल आहे. आणि समोर सदस्यांनी कायम केलेलं इतिवृत्त आहे. तिघांपैकी एकाने तरी शपथेवर लिहून द्यावं की आपण विरोध केला होता आणि नंतर इतिवृत्त न वाचताच कायम म्हणालो. मग मला नकाशा पुरावा म्हणून घेता येईल."

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "चला, सोपं झालं."

सोपं! असं लिहून देणारा सदस्य कर्तव्यात कसूर केल्याचं कबूल करतो, आणि तेवढ्यावर त्याचं सदस्यत्व काढता येतं. हेडबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आले, वाचून मग सही कर. आता मीच हे लिहून देऊ? रस्त्यात जुने विद्यार्थी भेटतात मला." बेकरीवाल्याचा परवाना नगरपालिकेच्या हातात; त्याने मला मागच्या दाराने आत घेतलं आणि पुढच्या दाराने वाटेला लावलं. राहिलो मी. मी रोज म्हणायचो, उद्या देतो. वकिलाला विचारतो. बायकोशी बोलतो. खरी गोष्ट अशी की मला खुर्ची सोडवत नव्हती, आणि त्याहून जास्त म्हणजे गावाला कळायला नको होतं की मी वाचत नाही. अध्यक्षांना हुकूमशहा म्हणून शिव्या घालायला मला आवडत होतं. त्यात माझा भाग किती, हे कागदावर उतरवायचं म्हटलं की हात आखडायचा.

सत्ताविसाव्या दिवशी एक आजी वाचायचा चष्मा न्यायला आल्या. मी काचा पुसून चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि वाचून बघायला छापील तक्ता पुढे केला. त्यांनी तक्ता बाजूला सारला आणि पिशवीतून स्वतःचा कागद काढला. वहीचं फाडलेलं पान, दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेलं.

"हे वाचते. सुनावणीत बोलायचंय ना, त्यासाठी लिहून ठेवलंय. नातवाकडून अक्षर सुधारून घेतलं. कधी आहे हो सुनावणी?"

"नाही होणार, आजी."

"का?"

"सगळ्यांनी एकमताने ठरवलं म्हणून."

त्यांनी नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "मला तर कुणी विचारलं नाही. तुम्ही होतात ना आमच्यातर्फे तिथे? मग तुम्ही काय करत होतात?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी मला चारचौघांत उघडं पडल्यासारखं झालं. त्यांनी पान नीट घडी करून परत पिशवीत ठेवलं. त्या गेल्यावर मी कायमबाईंना फोन केला आणि म्हणालो, लिहा, उद्या सही करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कायमबाई टाइप केलेलं शपथपत्र घेऊन आल्या. यजमान बाहेर बाकावर बसले. माझं नेमकं एका गिऱ्हाइकाशी वाजलं होतं, फ्रेम वाकडी बसवली म्हणून. डोकं तापलेलं होतं, आणि मनात नुसतं हेच की एकदा हे उरकून टाकू. बाईंनी दोन पानं काउंटरवर ठेवली, शेजारी पेन ठेवलं.

"बघा, बरोबर आहे का."

"तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार," मी म्हणालो, दुसरं पान उलटलं, सहीची जागा शोधली आणि पेन टेकवलं.

बाईंनी कागदावर आडवा हात ठेवला. माझ्या नावाचं पहिलं अक्षर त्यांच्या मनगटावर उमटलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मनगटावरची शाई बघत हळूच म्हणाल्या, "पहिलं पान. ओळ सहावी."

मी चष्मा लावला. सहाव्या ओळीत लिहिलं होतं: 'सदर ठरावाच्या बाजूने मी मतदान केले व तो सर्वानुमते मंजूर झाला.'

मी न वाचता होकार देतो, हे कबूल करणारा कागद. तोही मी न वाचता सही करायला निघालो होतो. वर बघायची हिंमत होईना, म्हणून खाली मान घालून वाचत राहिलो, पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखा. बाईंनी पर्समधून खरी प्रत काढली आणि खोट्या प्रतीचे दोन तुकडे करून माझ्या टोपलीत टाकले. आणखी दोन दिवस हातात होते. कागद त्याच संध्याकाळी पोचला. पुढे मला सभागृहातून काढलं, अर्थातच सर्वानुमते. फेरतपासणीच्या तीन तारखा पडल्या आणि तिन्ही पुढे गेल्या. त्या आजी अजून दुकानात डोकावून विचारतात. मी त्यांना तारीख सांगतो, आणि त्या पिशवीतला कागद आहे ना, ते चाचपून बघतात.

पण त्या दुपारी मी खरी प्रत वाचून संपवली, पेन उचललं, तेव्हा बाईंनी एकतीस वर्षांच्या सवयीने विचारलं, "कायम करायचं का?"

"थांबा, बाई," मी म्हणालो. "अजून एकदा वाचतो."